चिनी ‘ची’ नक्की किती सेंटिमीटरचा? शिवणकामासाठी हवंय, अर्जंट

कापडचोपड (दादर)

मंडळी मदत हवीय आणि जरा लवकर हवीय. मी दादरला घरूनच शिवणकाम करते, ब्लाउज, कुर्ते, कधीमधी गाऊन, म्हणजे आयुष्य सगळं इंच-टेपवर. पवईची एक कस्टमर आहे, नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं शांघायला होती, तिला आता चिपाव शिवून हवाय. म्हणजे तो चिनी बायकांचा उभ्या कॉलरचा, एका बाजूने तिरका उघडणारा, अंगासरशी बसणारा ड्रेस. रेशीम तिने तिकडूनच आणलंय, पन्हा छोटा आणि कापड अगदी मोजकं, कात्री चुकली तर इथे तसलं दुसरं मिळायचं नाही.

सोबत एक जुनं चिनी शिवणपुस्तक दिलंय, १९५७ साली शांघायला छापलेलं, तिने तिथल्या रद्दीबाजारातून उचललं होतं. आकृत्या एक नंबर आहेत, मुंढा, कॉलर, साइडचा कट सगळं दाखवलंय, पण मापं त्यांच्यातली. मोबाईलचं ट्रान्सलेट ॲप त्यावर धरलं तर ते सरळ फूट आणि इंच लिहून मोकळं होतंय, छाती २ फूट ७ इंच, कंबर २ फूट १ इंच, लांबी ३ फूट ६ इंच. म्हणजे ३१, २५ आणि ४२ इंच. आता चित्रातल्या बाईचा ड्रेस पार पोटरीपर्यंत आलाय, ४२ इंचात तो गुडघ्याच्या जरा खाली जाऊन थांबेल, आणि छाती ३१ धरली तर ती बाई म्हणजे शाळेतली मुलगी असणार. काहीतरी गडबड आहे एवढं कळलं.

मग शोधलं तर कळलं की ते फूट नाहीच, त्याला ‘ची’ म्हणतात, दहा त्सुनचा एक ची, दहा फनचा एक त्सुन. इथपर्यंत ठीक. पण एक ची म्हणजे किती सेंटिमीटर? एके ठिकाणी ३३.३ दिलंय, दुसरीकडे ३०.३, हाँगकाँगवाल्या पानावर ३७.१५, कुठे ३२ आणि एका लेखात तर चक्क २३! डोकं आउट झालंय. यातलं धरायचं कुठलं? कस्टमरकडे त्या पुस्तकाबरोबर आलेली एक बांबूची मोजपट्टी पण आहे म्हणते, मी अजून बघितली नाहीये.

मीटरवाला

१ मीटर = ३ ची. संपला विषय.
ची ३३.३३ सेंमी, त्सुन ३.३३ सेंमी, फन ३.३३ मिमी. वर जायचं तर दहा चीचा एक जांग, ३.३३ मीटर. कागदावर लिहून मशीनला चिकटवा.

छाती ९०, कंबर ७०, लांबी १२० सेंमी. बघा कसे गोल आकडे आले, पुस्तकवाल्याने तसेच निवडलेत.

बोरीबंदर

मीटरवाल्यांचं उत्तर बरोबर आहे आणि ताईंचं काम तेवढ्यावर होईल. पण ताईंना नेटवर जे पाच आकडे सापडले ते पाचही खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या काळातले आणि वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत, आणि ही गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर शेवटच्या पॅऱ्यावर उडी मारा.

२३ वाला सगळ्यात जुना. इसवी सन पूर्व २२१ मध्ये छिन शी ह्वांगने सगळी राज्यं जिंकल्यावर वजनंमापं एकसारखी केली, तेव्हापासून पुढे हान काळापर्यंत ची साधारण २३.१ सेंटिमीटरचा होता. हे अंदाजपंचे नाही, त्या काळच्या पट्ट्या उत्खननात निघाल्यात, वांग मांग नावाच्या राजाच्या काळातलं इसवी सन ९ चं सरकणाऱ्या जबड्याचं कांस्याचं मोजयंत्रसुद्धा सापडलंय, आपण वर्कशॉपमध्ये कॅलिपर म्हणतो तसलं. म्हणून तिकडच्या जुन्या इतिहासात झुगे ल्यांग नावाचा मुत्सद्दी आठ ची उंच होता असं वाचलं की आजचा ची लावायचा नाही, नाहीतर माणूस पावणेनऊ फुटांचा होतो. त्याच्या काळचा ची लावला तर साधारण १८५ ते १९२ सेंमी, उंचापुरा पण माणसातला.

मग हा ची वाढत गेला. तांग राजवटीत, म्हणजे सातव्या-आठव्या शतकात, तो ३० सेंमीच्या आसपास पोचलेला आहे. का वाढला, तर वांग ग्वोवेई नावाच्या अभ्यासकाने याचं जे कारण दिलंय ते ताईंना आवडेल: कापड. तेव्हा रयतेकडून कर रेशमाच्या आणि इतर कापडाच्या ताग्यांत घ्यायचे, इतके ची लांब, इतके रुंद. आता मोजपट्टी कोणाच्या हातात, वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याच्या. पट्टी जराशी लांब केली की आकडा तोच राहतो आणि कापड जास्त येतं, कर वाढवल्याची दवंडी पण पिटायला नको. सगळ्यात भरभर वाढ उत्तरेकडच्या राज्यांच्या काळात झाली, चौथ्या ते सहाव्या शतकात.

छिंग, म्हणजे शेवटच्या राजवटीच्या काळात तर एकाच वेळी तीन ची चालायचे. बांधकामाचा ३२ सेंमीचा, जमीन मोजायचा साधारण ३४.५ चा आणि शिंप्यांचा साधारण ३५.५ चा. म्हणजे एकाच गल्लीत सुतार आणि शिंपी शेजारी बसले तरी दोघांचा ची वेगळा. ताईंनी पाहिलेला ३२ तो बांधकामवाला, सरकारी कागदांत तोच जास्त दिसतो.

या सगळ्याला कंटाळून १९२९ साली तिकडच्या प्रजासत्ताक सरकारने कायदा केला, १९३० पासून लागू, आणि मापं मेट्रिकला बांधून टाकली: १ लिटर म्हणजे १ शंग, १ किलो म्हणजे २ जिन, १ मीटर म्हणजे ३ ची. एक-दोन-तीन, पोरंही विसरायची नाहीत. आपल्याकडे सोनाराचा तोळा ११.६६ ग्रॅमवरून दहावर आला ना, तसंच, नाव जुनं ठेवायचं आणि आतला माल हिशेबाला सोपा करून घ्यायचा. याला ते बाजाराचा ची म्हणतात. नंतर कम्युनिस्ट सरकारने पण तोच ठेवला, १९५९ ला मेट्रिक हे मुख्य माप ठरवलं तरी बाजारात ची आणि जिन चालूच, १९८४ च्या आदेशानंतर १९९० च्या शेवटापर्यंत ते कागदोपत्री काढून टाकायचे ठरले. कागदोपत्रीच. भाजीवाला अजून जिनमध्येच बोलतो, अर्धा किलोचा एक.

राहिले दोन. ३०.३ हा मूळ जपानी शाकु, १० भागिले ३३ मीटर, १८९१ च्या जपानी कायद्यातला. तैवान १८९५ ते १९४५ जपानच्या ताब्यात होतं म्हणून तिथे तोच रुजला, आजही तैवानमध्ये घराचा एरिया पिंगमध्ये सांगतात, एक पिंग ३.३ चौरस मीटर, तो याच मापावरून आलेला. आणि ३७.१५ हाँगकाँगचा, तिथे इंग्रजांनी एक चेक (चीला तिथे चेक म्हणतात) बरोबर १४ पूर्णांक ५/८ इंच असं ठरवून दिलं, म्हणजे ३७.१४७५ सेंमी, आणि मुख्य चीनमधला १९३० चा कायदा तिथे कधी लागूच नव्हता.

तर ताई, तुमचं पुस्तक शांघायचं आणि १९५७ चं. बाजाराचा ची, ३३.३३. पण ती बांबूची पट्टी मागवून घ्या आणि आपल्या टेपने मोजा, पट्टी खोटं बोलणार नाही. ३३ च्या वर असेल तर ठीक, ३५ च्या पुढे गेली तर जुन्या शिंप्याची आहे, ३७ आली तर दक्षिणेकडची.

लोकलचीचौथीसीट

अधिकारी पट्टी लांब करायचे 😂 म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी पण कार्पेट आणि सुपर बिल्टअप होतं तर.

ताग्यातला

मी मंगळदास मार्केटच्या बाजूला होलसेलमध्ये आहे, चीनच्या मालाशी रोजचा संबंध, म्हणून पुस्तकातलं सोडून धंद्यातलं सांगतो.

फॅक्टरीवाले आपल्याला कागद पाठवतात त्यावर सेंटिमीटर नाहीतर इंच असतात, ची कोणी लिहीत नाही. पण तिकडे दुकानात कंबर विचारली तर अजून बरेच लोक चीमध्येच सांगतात, “२ ची १” म्हणजे ७० सेंमी, “२ ची ४” म्हणजे ८०, आपल्या हिशेबात साडेएकतीस इंच. त्यामुळे पँटीच्या साइज चार्टमध्ये ३१ नंबर, ८० सेंमी, २.४ ची असे तिन्ही आकडे एका ओळीत दिसतात, घाबरायचं नाही, तिन्ही एकच आहेत.

खरा घोळ त्सुनचा आहे, चीचा नाही. इंचाला पण ते तोच शब्द वापरतात, फक्त पुढे ‘इंग्रजी’ लावायचं असतं आणि बोलताना ते गाळतात. टीव्ही ५५ त्सुनचा म्हणाला तर तो ५५ इंचाचाच असतो, ३.३३ ने गुणलंत तर भिंत पुरायची नाही. जीन्सची कंबर, फोनचा स्क्रीन, सायकलचं चाक, हे सगळं इंच. कापड, अंगाची मापं, जुनी भांडी, तिथे तो खरा त्सुन असायची शक्यता. आम्ही साधा नियम ठेवलाय, आकडा दोन्ही प्रकारे करून बघायचा आणि जो वेड्यासारखा दिसेल तो सोडायचा, आणि पैसे अडकणार असतील तर मेसेज टाकून सेंमी विचारायचे. एका पार्टीने झालरीची पट्टी दीड त्सुन म्हणून मागवली, मनात इंच होते, समोरच्याने ५ सेंमीची कापून पाठवली, आता अख्खा लॉट गोडाऊनला पडून आहे, दोघंही म्हणतात आमचं बरोबर.

हाँगकाँगमधून कापड घेतलंत तर तिथे चेकपेक्षा वारच जास्त चालतो, आपला ९१.४४ वाला वार. आणि ताई तुमचं रेशीम हाताने मोजून घ्या, कस्टमर सांगते त्याच्यावर जाऊ नका, तीन मीटर आणि तीन वार यात पाव मीटरचा फरक पडतो आणि चिपावच्या बाह्या त्याच पाव मीटरात असतात.

कापडचोपड (दादर)

बोरीबंदर दादा, पट्टी आली! आत्ताच मोजली. १३ इंच आणि वर एक सूत, अगदी बरोबर. सेंटिमीटरच्या बाजूने ३३.३ च्या रेघेला लागते. बांबू जुना होऊन मधासारखा पिवळा झालाय, एका कडेला दहा भाग पाडलेत, प्रत्येक त्सुनला आडवी रेघ आणि पाचव्याला पितळेचे दोन बारीक ठिपके ठोकलेत, म्हणजे न बघता बोटाला लागावेत. टोकाशी भोक आहे, खिळ्याला अडकवायचं असणार. फन फक्त पहिल्या त्सुनात कोरलेत, बाकीचे शिंप्याने अंदाजाने घ्यायचे, माझ्या पहिल्या बाईंची लाकडी पट्टी पण अशीच होती.

आणि मापं फिट बसताहेत. मार्जिन ३ फन दिलंय, म्हणजे १ सेंमी, आपण ठेवतो तेवढंच. कॉलर १ त्सुन २ फन, म्हणजे ४ सेंमी. छातीला ३ त्सुन ढील दिलीये, १० सेंमी, ती मला जास्त वाटते, हल्ली असला ड्रेस अंगाला चिकटून लागतो, तेव्हा बहुतेक आतून काहीतरी घालत असतील. ताग्यातला दादा, रेशीम मोजते उद्या.

सुयाटोचणारी

कपड्यांचा प्रश्न सुटला असेल तर माझी एक भर, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. मी ॲक्युपंक्चर करते, तिथे पण त्सुन आहे आणि पेशंट नेटवर वाचून ३.३३ सेंमी धरून घरी पॉइंट दाबत बसतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही.

आमचा त्सुन पट्टीवरचा नसतो, तो त्या त्या माणसाच्या अंगावरचा असतो. पेशंटच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी, पेराच्या सांध्यापाशी, तो एक त्सुन. तर्जनीपासून करंगळीपर्यंत चार बोटं जुळवून धरली की तीन त्सुन. आणि कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत कोणाचाही हात असो, बारा त्सुन. सहा फुटी माणसाचे पण बाराच आणि सात वर्षांच्या पोरीचे पण बाराच, फक्त त्सुन लहानमोठा होतो. बस लागते म्हणून लोक मनगटाला तो गोटीवाला पट्टा बांधतात ना, त्याचा पॉइंट आतल्या बाजूला मनगटाच्या घडीपासून दोन त्सुन वर, दोन स्नायुबंधांच्या मधे. तो पेशंटच्या मापाने शोधायचा. माझा अंगठा लावून पोराच्या हातावर शोधला तर मी भलतीकडेच जाईन.

म्हणजे पूर्वी सगळीकडे वीत, हात, अंगुळं अशी अंगावरचीच मापं होती, राजाने ती पट्टीवर नेली, वैद्यांनी मात्र नेली नाहीत आणि त्यांचं बरोबरच होतं.

मीटरवाला

@सुयाटोचणारी म्हणजे हे माप नाहीच, टक्केवारी आहे. हाताच्या बाराव्या भागाला नाव दिलंय फक्त.

सुयाटोचणारी

हो. आणि कामाला तेच येतं.

रंधा

ओशिवरा फर्निचर मार्केटमधून. चिनी मापांचं निघालंच आहे तर त्या लाल-काळ्या टेपबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

पाच मीटरचा साधा स्टीलचा टेप असतो, सेंटिमीटर असतातच, पण वरखाली दोन ओळींत चिनी अक्षरांचे चौकोन, काही लाल काही काळे. फेंगशुईवाली गिऱ्हाइकं हा टेप घेऊन साइटवर येतात आणि तयार दरवाज्याला लावतात. हे लू बान नावाच्या जुन्या सुतारगुरूच्या नावाचं माप आहे, सुतार लोक त्याला देवासारखं मानतात तिकडे. वरच्या ओळीत ४२.९ सेंमीचा एक फेरा, त्याचे आठ भाग, एकेक साधारण ५.३६ सेंमी. पहिला भाग लाल, मग दोन काळे, दोन लाल, दोन काळे, शेवटचा लाल, आणि ४२.९ झाले की परत पहिल्यापासून. लाल शुभ, काळा अशुभ. ३३.३३ वाल्या चीशी याचा काही संबंध लावायला जाऊ नका, बसणार नाही.

आता गंमत बघा, आपला तीन फुटी मेन दरवाजा म्हणजे ९१.४४ सेंमी. दोन फेरे ८५.८ ला संपतात, तिथून पुढचा लाल ९१.२ च्या आसपास संपतो, म्हणजे तीन फुटी दरवाजा दोन-तीन मिलिमीटरने काळ्यात! ९० सेंमीचा केला तर लाल. अंधेरीतल्या एका गिऱ्हाइकासाठी चौकटीला आतून ४-४ मिलिमीटरची सागाची पट्टी मारून दिली, लाल झाला, दोघंही खूश, वरती पॉलिशचे पैसे वेगळे.

आणि खालची ओळ ३८.८ सेंमीची, दहा भागांची, ती घरासाठी नसतेच. ती थडगी आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यासाठी. एकाने किचनचा ओटा त्या ओळीने मापून घेतला होता आणि वर मलाच समजावत होता. मी काही बोललो नाही, ओटा छान झाला होता.

गिरगावकरीण

@रंधा शेवटचं वाचून चहा सांडला.

पायीपायी

इतकं बोलणं झालं आणि लीचा कोणी नीट विचारच केला नाही. आधी एक सूचना, ली दोन आहेत. एक फनच्या खालचा, फनचा दहावा भाग, मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, आणि दुसरा रस्त्याचा, १५०० चीचा, आज बरोबर ५०० मीटर. लिहायची चिनी अक्षरं वेगळी आहेत पण आपल्या लिपीत दोन्ही ली. मी रस्त्यावरच्या लीबद्दल बोलतोय.

५०० मीटर हा पण १९३० नंतरचा. त्याआधी छिंग काळात १८०० चीचा ली होता आणि ची ३२ चा, म्हणजे ५७६ मीटर. हान काळात पण १८०० चीच, पण ची २३.१ चा म्हणून ली ४१६ मीटरच्या आसपास. तिकडे मोठ्या भिंतीला दहा हजार लींची भिंत म्हणतात, आजच्या लीने ते ५००० किलोमीटर होतात, आणि २०१२ मध्ये चीन सरकारने सगळ्या राजवटींच्या भिंती मिळून २१,१९६ किलोमीटर जाहीर केले. दहा हजार म्हणजे तिथे ‘मोजता येणार नाही इतकं’, आकडा म्हणून घ्यायचाच नाही.

पण मला यात आपला संबंध दिसतो तो युआन च्वांगचा, शाळेत ह्युएन त्संग शिकलो तोच. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला होता, दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं, आणि इथल्या राजधानीचा घेर त्याने सुमारे ३० ली लिहिलाय. आता ३० ली म्हणजे किती? तांग काळातच दोन ली होते, लहान आणि मोठा, साडेचारशे ते साडेपाचशे मीटर. घेर तेरा-साडेतेरा किलोमीटरपासून सोळापर्यंत कुठेही जातो. शिवाय ती राजधानी नक्की कुठली यावरच अभ्यासकांचं एकमत नाही, कोणी नाशिक म्हणतं कोणी बदामी, आणि त्या वादात हा लीचा घोळ परत वेगळा.

त्याहून भारी गोष्ट म्हणजे त्याने आपलं योजन चिनी वाचकांना समजावून सांगायचा प्रयत्न केलाय. तो म्हणतो योजन म्हणजे सैन्याची एका दिवसाची चाल, जुन्या हिशेबाने ४० ली, भारतात लोक धरतात ३० ली, आणि बौद्ध ग्रंथांत १६ ली. एकाच मापाचे तीन भाव! बिचाऱ्याने तिन्ही लिहून ठेवले आणि पुढे चालायला लागला. पुढे इंग्रज अमदानीत ज्यांनी त्याच्या प्रवासावरून जुनी शहरं शोधायला घेतली त्यांचं काय झालं असेल बघा, ली किती मीटरचा धरता त्यावर शहर नदीच्या या काठाला पडतं की त्या.

आणि चालणाऱ्यांचा ली तर अजून वेगळा. चीनच्या डोंगराळ भागात फिरलेल्या परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलंय की एकाच रस्त्याचे चढताना जास्त ली सांगायचे आणि उतरताना कमी. ते हसले त्याच्यावर. मी राजमाचीला कोंदिवड्याकडून चढलोय आणि लोणावळ्याकडे उतरलोय, मला तर ते एकदम पटलं, हमालाला पैसे लीवर मिळणार असतील तर चढाचे ली जास्तच हवेत.

बोरीबंदर

@पायीपायी क्या बात. योजनाचे तीन भाव माहीत नव्हते. १६ आणि ४० म्हणजे अडीच पट, एवढा फरक तर पट्टी लांब करणाऱ्यांनी पण केला नव्हता.

लोकलचीचौथीसीट

विरार किती लांब, तर चढताना जास्त ली, उतरताना कमी. सिद्ध झालं.

कापडचोपड (दादर)

रेशीम मोजलं, तीन मीटर नाहीये, ८ ची ५ त्सुन आहे, म्हणजे २८३ सेंमी 🙄 तीन वारपण नाही, तीन वार म्हणजे २७४, तर त्याच्यापेक्षा जरा जास्त. बहुतेक तिकडच्या दुकानदाराने चीमध्येच फाडून दिलंय. ताग्यातला दादा तुमच्यामुळे आधी कळलं.

मांजरपाटावर पूर्ण ड्राफ्ट काढून कच्ची शिलाई मारली, कस्टमर काल ट्रायलला येऊन गेली. लांबी पुस्तकात आहे तशी पोटरीवर आली. छातीची ढील ३ त्सुनवरून दीडवर आणली, ५ सेंमी, तरी हात वर करता येतो. तिरकी पट्टी मात्र पुस्तकातलीच ठेवली, तिला हात लावला की काखेत चुणी येते. बाही छोटी केली म्हणजे कापड पुरतंय, कॉलरला अस्तराखाली दोन पदरी कॅनव्हास घालणार आहे नाहीतर ४ सेंमीची कॉलर आपल्या घामाने दुपारपर्यंत झोपेल.

आता तीच कस्टमर विचारते जपानी किमोनो जमेल का, तिच्या मैत्रिणीकडे तिकडची पट्टी आहे. त्याला ३०.३ धरू ना?

बोरीबंदर

नका धरू! जपानमध्ये कापडाचा शाकु वेगळा आहे, कुजिरा-जाकु, साध्या शाकुच्या सव्वापट, ३७.८८ सेंमी. पट्टी आधी मोजा.

ताग्यातला

नवा धागा काढा ताई, आणि किमोनोचं कापड घ्यायच्या आधी पन्हा विचारा, त्यांचा पन्हा फूट-सव्वा फुटाचाच असतो.